अंगडं, झबलं, कुंची : पाटीवर नेमकं काय लिहावं?

प्रश्न :

एका वस्तुसंग्रहालयातल्या लहान मुलांच्या जुन्या कपड्यांसाठी मराठी पाट्या लिहायच्या आहेत. यादीत सगळ्यांपुढे एकच नोंद आहे, 'बालवस्त्र'. प्रत्यक्षात वस्तू चार तऱ्हांच्या आहेत. डोक्यावरून थेट पाठीवर उतरणारं खणाचं एक, हनुवटीखाली बांधायची छोटी टोपी, पुढे बांधायला बंद असलेला आखूड बाह्यांचा कपडा आणि एक सैलसर, बिनबाह्यांचा. झबलं आणि अंगडं यांत फरक कसा करायचा? 'व्हिंटेज'साठीही शब्द हवा आहे.

उत्तर :

पहिली कुंची, दुसरं टोपडं, तिसरं अंगडं, चौथं झबलं. 'बालवस्त्र' आधी काढून टाका. अडकित्त्याच्या पाटीवर आपण 'सुपारी कातरण्याचे साधन' एवढंच लिहून थांबत नाही, मग कुंचीवरच हा अन्याय कशाला? कुंची म्हटलं की डोकं, कान आणि पाठ एकाच कापडाने झाकलेलं तान्हं बाळ डोळ्यांपुढे येतं. वय, आकार, घालायची पद्धत, सगळं त्या एका शब्दात आहे.

झबलं आणि अंगडं काही घरांत एकमेकांच्या जागी वापरतात, त्यामुळे तुमचा गोंधळ साहजिक आहे. माझ्या मते झबलं म्हणजे अंगाबरोबर न बसणारं, मऊ सुती कापडाचं, बहुधा बिनबाह्यांचं, पाठीवर किंवा खांद्यावर बांधायला बंद असलेलं. दुकानातल्या पातळ प्लास्टिकच्या पिशवीला 'झबला' म्हणतात ते याच आकारावरून : खोल गळा आणि वर दोन पट्टे. अंगडं त्यापेक्षा सजलेलं. त्याला बाह्या असतात, ते पुढून बांधतात, बारशाला टोपड्याबरोबर देतात. म्हणून तर 'अंगडं-टोपडं' हा जोडशब्द झाला. झबलं-टोपडंही म्हणतात, पण त्यात समारंभ कमी आणि रोजचा वापर जास्त.

दुसरं उत्तर :

वरच्या यादीत झबलं सापडलं याचाच मला फार आनंद झाला. जुन्या संग्रहांत जरीची, खणाची, गोटा लावलेली कुंची टिकते, कारण ती मोजक्या वेळी घालून पुन्हा ट्रंकेत जायची. झबलं टिकायचं कसं? तान्ह्या बाळाच्या अंगाला कोरं कापड टोचतं म्हणून धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं किंवा धोतर फाडायचं, त्याचं झबलं, दुपटं, बाळोतं करायचं. ते पाठच्या भावंडांना पुरायचं आणि शेवटी गोधडीच्या थरात किंवा पोतेऱ्यात जायचं. त्यामुळे संग्रहालयात सणाचे कपडे दिसतात आणि रोजचे बहुतेक शब्दांतच उरतात. लाळेरं, बाळोतं, दुपटं हे शब्दही पाटीवर आले पाहिजेत, निदान शेजारच्या मजकुरात तरी.

शक्य असेल तर तज्ज्ञांना सांगून अंगड्याच्या आतली शिवण पाहून घ्या. शिंपी ज्याला 'माया' म्हणतात, ते शिवणीच्या आत सोडलेलं जादा कापड लहान मुलांच्या कपड्यांत पुष्कळदा बरंच असतं. मूल वाढलं की टीप उसवून कपडा सैल करता यावा म्हणून. 'वाढत्या अंगाचं शिवा' असं शिंप्याला सांगायची रीत यातलीच. एकदा सैल केलेल्या कपड्यावर जुन्या टिपेची भोकं रांगेने दिसतात, आणि मायेत दडलेल्या पट्टीचा रंग बाहेरच्यापेक्षा गडद राहिलेला असतो, कारण तिला उन्हाचा आणि धुण्याचा तितका मार लागलेला नसतो. हे कपडे इतके नाजूक असतात की संग्रहालयं त्यांच्यावर साधारण ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) आसपास मंद उजेड ठेवतात. त्या उजेडात ती गडद पट्टी कुणाला दिसणार नाही. पाटीत लिहा, 'आत माया सोडलेली आहे, एकदा उसवून सैल केलेले.' त्या एका ओळीत पाहणाऱ्याला ते मूल वाढताना दिसेल.

तिसरं उत्तर :

एक निरीक्षण. अंगडं, टोपडं, झबलं, दुपटं, लाळेरं, बाळोतं, सगळी नपुंसकलिंगी. आणि ज्याला घालायचे ते बाळ, मूल, लेकरू, तान्हं, तेही नपुंसकलिंगी! सदरा, चोळी नंतर येतात.

चौथं उत्तर :

निरीक्षण सुंदर आहे, पण त्याचा नियम करू नये. धोतर आणि लुगडं मोठ्यांची असून नपुंसकलिंगी आहेत, आणि कुंची तर स्त्रीलिंगी. टोपडं, अंगडं यांत '-डं' हा लहानपणा आणि लाड दाखवणारा प्रत्यय आहे, लिंग त्याच्याबरोबर आलं.

तरी तुमच्या म्हणण्यातून पाटीसाठी एक गोष्ट घ्यावी. झबलं पाहून ते मुलाचं की मुलीचं हे सांगता येत नाही, आणि ओढूनताणून सांगूही नये. युरोप-अमेरिकेतही विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत लहान मुलगे फ्रॉकच घालत. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेल्या फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा १८८४ सालचा, लांब केसांचा आणि झग्यातला फोटो प्रसिद्धच आहे. नोंदवहीत घराण्याकडून आलेली माहिती नसेल तर 'तान्ह्या बाळाचे' एवढंच लिहावं. परकर-पोलक्याची गोष्ट वेगळी, तिथे 'मुलीचे' बिनदिक्कत लिहा.

'व्हिंटेज'बद्दल थोडक्यात : 'पुरातन' नको, तो शब्द ताम्रपटांना आणि लेण्यांना शोभतो. नुसतं 'जुने' लिहून पुढे काळ द्यावा.

प्रश्नकर्ता :

सगळ्यांचे मनापासून आभार. पहिल्या वस्तूची पाटी अशी करतो आहे, खटकलं तर सांगा :

'कुंची. तान्ह्या बाळासाठी. बाहेरून खण, आत मऊ सुती अस्तर. हनुवटीखाली बांधायला दोन बंद, त्यांपैकी एक नंतर बदललेला.'

चौथं उत्तर :

उत्तम. फक्त बदललेला बंद कोणत्या कापडाचा आहे तेही लिहा. बहुधा तो घरातल्याच कुठल्या तरी कपड्याचा निघेल.