ब्रिटानिया: पराक्रमी जहाज की तरंगता तुरुंग?

उत्तरवारा: 1783 साली ब्रिडपोर्टला बांधलेलं, 301 टनांचं, लंडनच्या एंडर्बी ह्या देवमाशांच्या शिकारीतल्या पेढीचं 'ब्रिटानिया'. पॅसिफिकमधला देवमाशांचा धंदा ह्या जहाजाने उभा केला, हे कुणी सांगतच नाही. नाव काढलं की कैद्यांचं रडगाणं सुरू. दर्यावर्दींचं कौतुक करायला आपली जीभ का अडखळते?

सुकाणू: हे वाचून राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो. एक तर, पहिलेपणाचा मान ब्रिटानियाचा नाही. एंडर्बींचंच 'एमिलिया' 1788 मध्ये निघालं, दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, केप हॉर्नला वळसा घालून पॅसिफिकात शिरलं आणि 1790 मध्ये देवमाशांचं 139 टन तेल घेऊन लंडनला परतलं. दुसरं, ज्याला तुम्ही रडगाणं म्हणता ते ऐका. 1791 मध्ये इंग्लंडहून ऑस्ट्रेलियात सिडनीला कैदी नेणाऱ्या तिसऱ्या ताफ्यातून ब्रिटानियावर 150 कैदी चढवले, त्यातले 21 वाटेत मेले. त्याच ताफ्यातल्या 'सॅलमँडर'वर 160 पैकी 5. समुद्र तोच, कंत्राटदार तेच, कॅम्डेन, कॅल्व्हर्ट अँड किंग. गुलामांच्या व्यापारात मुरलेली पेढी! त्या मेलेल्या कैद्यांना वगळून कौतुक कसलं करता?

खडक_वाट: फटके मारमारून आयरिश कैद्यांचे जीव घेतले, तेच ना हे जहाज?

सुकाणू: नाही. ते 1797 मध्ये पोहोचलेलं वेगळं ब्रिटानिया, कप्तान डेनॉट. कप्तान रेव्हनने न्यूझीलंडच्या डस्की साउंडला सील मारणारे उतरवले, ते तिसरं.

खडक_वाट: बरं, जहाज वेगळं. माणसं कोंबायची पद्धत तर एकच होती?

उत्तरवारा: 21 चा आकडा मान्य, आणखी काय हवं? पण ब्रिटानियाच्या मेलव्हिल कप्तानाचं पत्र वाचा. सिडनीच्या वाटेवर भरदुपारपासून सूर्य बुडेपर्यंत देवमाशांच्या झुंडींतून जहाज चाललं होतं. कैदी उतरवून तो लगेच परत समुद्रात गेला. सोबत 'विल्यम अँड ॲन' हे दुसरं जहाज होतं. दोन तासांच्या आत सात देवमासे मारले!

सुकाणू: आणि वादळ आल्यावर हाती किती लागले? दोन. प्रत्येक जहाजाला एकेक. पाच मेलेले मासे समुद्रावर सोडून दिले. त्या पाचांचं तेल नाही, म्हणजे खलाशांना वाटाही नाही, कारण पगार नव्हताच. तेल विकलं तर त्यातला हिस्सा.

मिरकरवाड्याची: वाट्याचं मला सांगू नका. माझे वडील ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख होते. आधी डिझेल कापायचं, मग बर्फ, मग जाळ्याची दुरुस्ती, उरलं तर वाटा. पावसाळ्यात मालकाकडून उचल घ्यायची आणि पुढचं वर्षभर ती फेडत बसायचं. शाळेची फी आई कोलंबी सोलून भरायची.

बंदरवाला: ताई, बोट ज्याची, कर्जही त्याच्याच डोक्यावर असतं. एक हंगाम वाया गेला की बँक दारात येते. उचल घेऊन ऐन हंगामात दुसऱ्या बोटीवर पळालेले खलाशी मी पाहिलेत. त्यांच्याबद्दल कोण लिहिणार?

मिरकरवाड्याची: पळाले कारण जगायचं होतं! तुमची बोट बुडाली तर विमा मिळतो. माणूस बुडाला की घरी काय येतं ते मी शेजारच्या दारात पाहिलंय.

बंदरवाला: विमा मिळायला किती वर्षं जातात ते विचारा आधी. पण उचलीचा हिशोब लेखी द्यायला हवा, एवढं तुमचं बरोबर.

उत्तरवारा: धागा ब्रिटानियाचा आहे! मालकाने जोखीम घेतली म्हणून धंदा झाला, एवढंच म्हणतोय.

सुकाणू: कुठली जोखीम? जाताना सरकारी खर्चाने कैदी, येताना तेल. केप ऑफ गुड होपच्या पूर्वेला ईस्ट इंडिया कंपनीची मक्तेदारी होती, इतरांना तिथे मोकळा व्यापार नव्हता. तरीही येताना माल मिळायचाच. त्याच ताफ्यातली काही जहाजं तर कैदी उतरवून कापूस भरायला आपल्या मुंबईकडे निघाली. रिकामं फिरायची वेळच येऊ नये, अशी सोय होती ती. जोखीम होती भाला घेऊन लहान होडीत उभ्या राहणाऱ्याची.

उत्तरवारा: 1806 मध्ये ब्रिटानिया ऑस्ट्रेलियाजवळच्या मिडलटन रीफ ह्या खडकाळ प्रवाळावर फुटलं तेव्हा नुकसान त्या भालेवाल्याचं झालं का?

मिरकरवाड्याची: त्याचंही झालं. जहाजासोबत तेल गेलं असेल तर वाटा कशातून मिळणार?