मदत हवी आहे: सिरीजमधले दोन ट्रान्सफॉर्मर, चालू करतानाच एमसीबी पडते

राम राम मंडळी, मूर्तिजापूर तालुक्यात आमची छोटी दालमिल आहे. तुरीतले खिळे-तारा पकडायले दोन मॅग्नेट बसवले, दोन्हीले ११० व्होल्ट लागतात म्हणून १ केव्हीएचे २३०/११० चे दोन सारखेच ट्रान्सफॉर्मर घेतले, एकाएका मॅग्नेटले एकएक. इकडं न्यूट्रलचा भरवसा नाही, वादळात तुटला की घरोघरी टीव्ही-पंखे जळतात, म्हणून मिस्त्रीनं दोघांच्या प्रायमरी (लाइनकडच्या वाइंडिंग) सिरीजमधे, म्हणजे एकामागं एक करून आर आणि वाय फेजवर जोडल्या, म्हणजे ४१५ व्होल्ट दोघांत वाटून जातात.

आता होऊन काय राहिलं, की स्विच टाकला की ६ अँपिअरची सी कर्व्ह एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) कधी धडकन पडते, कधी काहीच होत नाही, आणि मॅग्नेटच्या वायरी काढून ठेवल्या तरी तेच! एकदा चालू झालं की दिवसभर मस्त चालते. मले वाटलं होतं सिरीजमधे करंट कमी होईल. वाइंडिंगमधे शॉर्ट तर नसेल ना? सीझन तोंडावर आहे भाऊ, लवकर सांगा.

प्रतिसाद:
भाऊ, वाइंडिंग शॉर्ट असती तर दरवेळी पडली असती. हा इनरश आहे, म्हणजे ट्रान्सफॉर्मर चालू होतानाचा करंटचा झटका. व्होल्टेज शून्यातून जाताना स्विच लागला आणि कोरमधे मागचं चुंबकत्व त्याच दिशेनं उरलेलं असलं, की लोखंड सॅच्युरेट होते (त्यात आणखी चुंबकत्व मावत नाही) आणि फुल लोडच्या दहापट किंवा त्याहून जास्त करंट क्षणभर ओढल्या जातो. सी कर्व्ह एमसीबी आपल्या रेटिंगच्या ५ ते १० पटीतच झटकन तुटते. सिरीजमधे अडथळा दुप्पट झाला पण व्होल्टेजही जवळपास दुप्पट दिलं, मग करंट कमी कुठून होईल?

उपाय म्हणजे सुरुवातीले ४७ ओहमचा वायरवाउंड रेझिस्टर सिरीजमधे घ्या, टायमर-कॉन्टॅक्टरनं (टायमरवर चालणारा मोठा स्विच) अर्ध्या-एक सेकंदात त्याले बायपास करा, म्हणजे करंट त्याले टाळून थेट जाईल, आणि रेझिस्टर बायपास झाल्यावरच मॅग्नेट जोडा, नाहीतर रेझिस्टर जळते. एनटीसी (गरम झाला की अडथळा कमी होणारा रेझिस्टर) स्वस्त पडते पण आपल्याकडं लाइन जाऊन लगेच येते, तेव्हा तो गरमच असते, काही अडवत नाही.

पण खरी काळजी दुसरीच आहे, एकच मॅग्नेट कधीच चालवू नका. रिकाम्या ट्रान्सफॉर्मरवर ४१५ चा मोठा वाटा जाऊन बसते आणि तो जळू शकते, चालू मॅग्नेट मात्र ढिला पडते. डी कर्व्ह (जास्त झटका सोसणारी) एमसीबी टाकून ट्रिपिंग थांबेल, हा घोळ नाही थांबणार. जमलं तर ४१५/११० चा २ केव्हीएचा एकच वाइंड करून घ्या.