दातांची डॉक्टर आहे, मान आणि उजवा हात दुखतोय. आधी लूप्स (चष्म्यावर बसवलेली भिंगं) की आधी स्टूल?

नमस्कार. मानेवाड्याला माझा छोटा दवाखाना आहे, वय ४०. चार महिन्यांपासून उजव्या खांद्यातून कोपरापर्यंत ओढ लागते. आठवडा झाला, अंगठा नि त्याच्या शेजारचं बोट झिणझिणतंय. वरच्या उजव्या शेवटच्या दाढेचं रूट कॅनल असलं की त्या रात्री झोपेचं खोबरं.

नीट बसा, असं कृपया सांगू नका. मान २० अंशांहून जास्त झुकवू नये, कोपर अंगालगत, आरशात बघून काम, सगळं पाठ आहे. पण खुर्ची आडवी केली की आजोबा म्हणतात, "बाप्पा, चक्कर येऊन राहिली न मॅडम." मग खुर्ची अर्धवट, आणि वाकते मी. असिस्टंट मुलगी दिवाळीनंतर सोडून गेली, त्यामुळे डाव्या हातात सक्शन (तोंडातलं पाणी ओढायची नळी). आरसा धरू कशाने?

मालिश झाली, शेक झाला (मे महिन्यात नागपुरात शेक घेणारी मी एकटीच असेन). गोळी उतरली की दुखणं हजर. पेशंट असा वागला असता तर मी झापलं असतं.

अडीच पट दाखवणारे लूप्स घेऊन कुणाची मान सुटली का? की आधी खोगिराच्या आकाराचं स्टूल घेऊ? दोन्हीला एकदम पैसे नाहीत.

प्रतिसाद, धरमपेठचा दातवाला: ताई, माझी सुटली, पण दुसऱ्या जोडीने. पहिलीत खाली बघायचा कोन कमी होता, भिंगातून दिसायला मान आणखीच वाकायची. स्वतःच्या स्टुलावर बसून, खुर्चीत कुणाला तरी झोपवून माप द्या. आजोबांची खुर्ची टप्प्याटप्प्याने खाली न्या. वरच्या दाढेला मानेखाली टॉवेलची गुंडाळी द्या, हनुवटी वर येते.

प्रतिसाद, फिजिओ: खरेदी राहू द्या, झिणझिण्यांचं आधी बघा. झिणझिण्या रात्री झोपेतून उठवत असतील, हात झटकून बरं वाटत असेल, मधलं बोटही त्यात असेल तर मनगटात नस दबल्याचा संशय. मान किंचित मागे नेऊन उजवीकडे वळवल्यावर हातात कळ उतरत असेल तर मानेत दबल्याचा. हळू करा, कळ आली की थांबा. नक्की तपासणीतच कळेल, लागली तर नर्व्ह कंडक्शन टेस्ट (नसेतून संदेश नीट जातो का, ती तपासणी). हातातून वस्तू निसटत असेल तर एक दिवसही थांबू नका.

मूळ लेखिका: वळवली. कळ थेट अंगठ्यापर्यंत. उद्याचे पेशंट पुढे ढकलतेय, मणक्याच्या डॉक्टरांकडे जाते.