कोल्हापुरात लोकरीचं प्रदर्शन, मैत्रिणीला घेऊन एका दिवसात उरकेल का?

उलटसुलट_मिरज

नमस्कार मंडळी, या रविवारी दसरा चौकाजवळ एका हॉलमध्ये लोकर-क्रोशाचं प्रदर्शन लागतंय असा मेसेज आलाय. मी मिरजेहून येणार, सोबत मैत्रीण आहे, तिला सुई कुठल्या बाजूने धरतात तेही माहीत नाही पण अंबाबाईचं दर्शन आणि मिसळ या दोन अटींवर ती तयार झालीय. सकाळी निघून संध्याकाळपर्यंत परत, जमेल ना? आणि खरा प्रश्न असा की डिसेंबरात नणंदेचं बाळंतपण आहे, बाळंतविड्यात टोपडं, मोजे आणि एक स्वेटर स्वतः विणून द्यायचं ठरवलंय, तर लोकर कुठली बघू? इथे दुकानात एकच जात आणि चार रंग, तिथे एवढे स्टॉल एकदम बघून माझं काही खरं नाही. पर्स मैत्रिणीकडेच द्यावी म्हणतेय.

रंकाळावेस

या की, त्यात काय विचारायचं. रेल्वेने तासाभराचं काम आहे आणि स्टेशनवरनं दसरा चौक चालत जाण्याजोगा, रिक्षाच्या नादाला लागू नका. फक्त आधी देऊळ उरका, रविवारी जसजसं ऊन चढतं तशी रांग वाढते आणि असली प्रदर्शनं दहा-अकराशिवाय नीट उघडत पण नाहीत. लोकरीच्या फुगलेल्या पिशव्या घेऊन रांगेत उभं राहणं म्हणजे शिक्षा आहे. मिसळ मधेच खा पण हात साबणाने धुवून मगच स्टॉलवर जा, पांढऱ्या लोकरीला कटाचं बोट लागलं की संपलं, आणि मग ती लड (लोकरीची सैल जुडी) विकत घ्यावीच लागते ओ.

आजीचा_गुंडा

बाळ, आधी काय विणायचं ते कागदावर लिही आणि मग हॉलमध्ये पाय ठेव. पहिल्या अर्ध्या तासात काहीही घेऊ नकोस, नुसती एक फेरी मार. सगळ्या स्टॉलवर निम्मा माल तोच असतो, लुधियानाचा, त्यामुळे पहिल्याच टेबलावर पाघळायचं कारण नाही.

नवजात बाळाच्या स्वेटरला टोपड्या-मोज्यांसकट दीडशे-दोनशे ग्रॅम धरून चाल. सगळे गुंडे एकाच लॉटचे, म्हणजे एकाच वेळी रंगवलेले घे, गुंड्यावरच्या कागदी पट्टीवर शेड नंबरच्या शेजारी लॉट नंबर छापलेला असतो, तो जुळव. रंग तोच असला तरी लॉट बदलला की पाठीवर पट्टा दिसतो, आणि तो दुकानातल्या ट्यूबलाइटखाली नाही, घरी अंगणात दिसतो. एक गुंडा जास्त घ्यायचा, उरला तर मोज्याला होतो.

प्युअर वूल म्हणून महाग देत असतील तर दोऱ्याचा तुकडा मागून घे आणि बाहेर जाऊन काडी लावून बघ (हॉलमध्ये नको गं, हाकलून देतील). खरी लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटात चुरते. अॅक्रिलिक, म्हणजे कृत्रिम धागा असेल तर वितळून कडक मणी होतो.

आणि मोज्यांना, टोपड्याला जाळीची वीण अजिबात घालू नको. दिसते छान पण बाळाची बोटं त्या भोकांत अडकतात. साधी सुलट-उलट वीण, घट्ट.

क्रोशावाला_पोरगा

काकू बाकी सगळं मान्य पण कोल्हापूर-मिरजेत बाळाला लोकर हवीच कशाला? आपल्याकडची थंडी म्हणजे पहाटे चार तास, दहा वाजता पोरगं घामाघूम होऊन रडतंय आणि आजी म्हणतीय कान झाक, कान झाक. कॉटन यार्न घ्या. मी खेळणी आणि टोप्या सगळं कॉटनमध्येच करतो, टोचत नाही, घाम शोषतं. इचलकरंजी शेजारी आहे म्हणून तिथलं सूत आणून विणू असं मात्र कुणाच्या डोक्यात असेल तर थांबा, मागाचं सूत कोनावर येतं आणि फार बारीक असतं, त्यात काउंटचा (सुताच्या जाडीचा) आकडा जितका मोठा तितकं सूत बारीक. हाताने विणायला अनेक पदर एकत्र पीळ दिलेलं लागतं, ते प्रदर्शनातच बघा.

आजीचा_गुंडा

कॉटनचं टोपडं मला चालेल, स्वेटर नाही. सुती रिब (बाहीच्या-कमरेच्या काठाची ताणणारी वीण) एकदा ताणली की परत जागेवर येत नाही, दोन धुण्यात बाही लोंबायला लागते. लोकरीला जो ताण असतो तो सुताला नाही. आणि खरी लोकर तुझ्या नणंदेने गरम पाण्यात नाहीतर मशीनमध्ये टाकली तर आटून बाहुलीचा स्वेटर होणार, बाळंतिणीच्या घरात हाताने कोण धुतंय. म्हणून मऊ बेबी अॅक्रिलिक, गालाला लावून बघून घ्यायचं. तळहाताला कळत नाही, गालाला कळतं.

कोडोलीकर

विषय लोकरीचा निघालाय आणि एकानंही घोंगडीचं नाव काढलं नाही, लई वाईट. आमच्या पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडाऱ्याबरोबर लोकर उधळतात, सगळा माळ पिवळा होतो. ती आपली दख्खनी मेंढरांची लोकर. वर्षातनं दोनदा कातरतात, काळी, करडी, पांढरी, रंगवायची गरज नाही. खड्ड्याच्या मागावर घोंगडी विणतात, ताण्याला (उभ्या धाग्यांना) चिंचोक्याची खळ लावून. बाळाच्या अंगाला घालू नका, चरचर टोचती, पण आसन, पिशवी, पायपुसणं काय करायचं असंल तर त्याच्यापुढं लुधियाना फिकी. प्रदर्शनात एखादा स्टॉल असला तर निदान हातात घेऊन बघा, तेलकट वास येतो तो मेंढराचा, घाण नव्हे.

उलटसुलट_मिरज

बापरे, एवढं कुणी सांगेल वाटलं नव्हतं. स्वेटर बेबी अॅक्रिलिकचा, टोपडं कॉटनचं, ठरलं. घोंगडीचा स्टॉल दिसला तर स्वतःसाठी काहीतरी घेणार, नणंदेला सांगू नका. दोन शंका. एक, माझ्या सुया आईच्या वेळच्या आहेत, 10 नंबर आणि 8 नंबर, पट्टीवर मिलिमीटर लिहिलेलं असेल तर कसं जुळवायचं? दोन, गुंड्याऐवजी लड मिळाली तर घ्यावी का?

आजीचा_गुंडा

10 नंबर म्हणजे 3.25 मिमी, 8 म्हणजे 4 मिमी. जुन्या नंबरात आकडा वाढला की सुई बारीक होते, मिमीत जाड, एवढं लक्षात ठेव. तरी आधी चार इंची चौकोन विणून, धुवून, मग माप घे, पट्टीवर काहीही लिहिलेलं असो.

लड खुशाल घे, जरा स्वस्त पडली तर बरंच. फक्त तशीच विणायला घेऊ नको, गुंता झाला की सोडवण्यात रात्र जाते. कुणीतरी दोन्ही हातांवर ताणून धरायची आणि दुसरीने गुंडा गुंडाळायचा. तुझ्या मैत्रिणीला परतीच्या गाडीत काम मिळालं बघ.

रंकाळावेस

रविवारी संध्याकाळच्या गाडीत? उभं राहायला जागा मिळाली तरी पुष्कळ, लड घरी गेल्यावरच सोडा.