नर कुत्र्याचे घरात खुणेसाठी मुतणे आणि अंगावर चढणे

प्रश्न: आमचा दीड वर्षाचा नर कुत्रा बाहेर फिरून आल्यावरही सोफ्याच्या कडेला पाय वर करून थोडेसे मुततो आणि पाहुणे आले की त्यांच्या पायांवर चढतो. नसबंदी केल्यास हे थांबेल का?

उत्तर १: बऱ्याच नरांमध्ये नसबंदीनंतर खुणेसाठी, म्हणजे आपली हद्द दाखवण्यासाठी, मुतणे कमी होते, मात्र संप्रेरकांचा प्रभाव ओसरायला काही आठवडे लागतात आणि सवय मुरलेली असेल तर ती प्रशिक्षणानेच मोडावी लागते. मुतलेली जागा एन्झाइमयुक्त क्लीनरने (मूत्राचे घटक विघटित करून वास घालवणाऱ्या द्रावणाने) पुसा, कारण अमोनिया असलेल्या द्रावणाचा वास त्याला मूत्रासारखाच वाटून तो पुन्हा तिथेच जाऊ शकतो.

उत्तर २: अंगावर चढणे हे दर वेळी लैंगिक नसते. पाहुण्यांमुळे आलेली उत्तेजना किंवा ताणही त्यामागे असतो, म्हणून कृपया त्याला मारू वा ओरडू नका. दार उघडण्यापूर्वीच पट्टा लावा, ‘बस’ म्हणून बसवा आणि शांत राहिल्याबरोबर खाऊ द्या.

उत्तर ३: हे अचानक सुरू झाले असेल, किंवा तो वारंवार थेंब थेंब मुतत असेल, तर आधी पशुवैद्यांकडून लघवी तपासून घ्या, मूत्रमार्गाचा संसर्ग असल्यास कोणतेही प्रशिक्षण उपयोगी पडणार नाही.