सेप्सिसमध्ये रक्त एकाच वेळी गोठते आणि वाहतेही, हे कसे?

प्रश्न:
मूत्रमार्गाच्या संसर्गातून सेप्सिस (संसर्गाविरुद्ध शरीराचा प्रतिकार बेताल होऊन अवयवांना होणारी इजा) झाल्यामुळे माझी आत्या पाच दिवसांपासून अतिदक्षता विभागात आहे. तिचे प्लेटलेट दोन लाखांवरून 62,000 वर आले आहेत, डी-डायमर (गुठळ्या विरघळताना रक्तात उतरणारे तुकडे) खूप वाढला आहे आणि सलाईनची सुई टोचलेल्या जागेतून थोडे रक्त झिरपते. डॉक्टर म्हणतात की तिच्या रक्तवाहिन्यांत सूक्ष्म गुठळ्या होत आहेत. गुठळ्या होत असतील तर रक्त का झिरपते, आणि प्लेटलेट का चढवत नाहीत?

प्रतिसाद १:
मी पॅथॉलॉजिस्ट आहे. उपचारांबद्दल आत्याबाईंना तपासणाऱ्या डॉक्टरांचाच शब्द अंतिम मानावा. मी फक्त यंत्रणा सांगतो. रक्त गोठणे हा प्रतिकाराचाच एक भाग आहे. जंतूंची चाहूल लागताच मोनोसाइट या पांढऱ्या पेशी आपल्या पृष्ठभागावर टिश्यू फॅक्टर हे प्रथिन आणतात आणि तेथून गोठण्याची साखळी सुरू होते. न्यूट्रोफिल या दुसऱ्या पांढऱ्या पेशी तर स्वतःच्या डीएनएचे जाळे बाहेर फेकतात (हे 2004 मध्ये प्रथम वर्णिले गेले), आणि त्या जाळ्यात जंतूंबरोबर प्लेटलेटही अडकतात. एका जागी घडले तर हा जंतूंना कोंडण्याचा उत्तम उपाय आहे. सेप्सिसमध्ये मात्र तो शरीरभर पसरतो, त्याला आवर घालणारी अँटिथ्रॉम्बिन आणि प्रोटीन सी ही प्रथिने घटतात, आणि गुठळ्या विरघळवण्याची क्रियाही मंदावते. असंख्य बारीक गुठळ्यांत प्लेटलेट आणि गोठवणारे घटक खर्ची पडले की सुईच्या छिद्रापुरतेही उरत नाहीत. या अवस्थेला डीआयसी (डिसेमिनेटेड इंट्राव्हॅस्क्युलर कोअॅग्युलेशन, म्हणजे रक्तवाहिन्यांत सर्वत्र रक्त गोठणे) म्हणतात.

प्रतिसाद २:
थोडे विषयांतर करतो, पण ते अगदीच अस्थानी नाही. हॉर्सशू क्रॅब या समुद्री जीवाच्या रक्तात मुख्यतः एकाच प्रकारच्या पेशी असतात, आणि जंतूंच्या एंडोटॉक्सिनचा (काही जंतूंच्या आवरणातील विषारी द्रव्याचा) स्पर्श होताच त्या रक्त गोठवतात. संशोधक फ्रेडरिक बँग यांनी 1956 मध्ये हे नोंदवले. इंजेक्शनांची शुद्धता तपासण्यासाठी त्याच रक्ताचा अर्क वापरला जातो. प्रतिकार आणि गोठणे यांचे नाते किती जुने आहे, हे यावरून दिसते.

प्रतिसाद ३:
मग गोठणेच थांबवले तर रुग्ण वाचणार नाही का?

प्रतिसाद १:
तसा प्रयत्न झाला होता. सक्रिय प्रोटीन सी हे औषध 2001 मध्ये अमेरिकेत मंजूर झाले, परंतु नंतरच्या चाचणीत मृत्यू कमी झाल्याचे न दिसल्याने 2011 मध्ये ते बाजारातून मागे घेतले गेले. मूळ संसर्ग काबूत आणणे, म्हणजे योग्य प्रतिजैविक देणे आणि मूत्रमार्गात अडथळा असेल तर तो दूर करणे, हाच डीआयसीवरचा मुख्य उपाय आहे. प्लेटलेटबद्दल सांगायचे, तर मोठा रक्तस्राव नसताना ते साधारणतः 10,000 च्या खाली गेल्यावर चढवतात. रक्तस्राव होत असेल किंवा शस्त्रक्रिया करायची असेल तर 50,000 ची मर्यादा पाळतात.

प्रश्नकर्ता:
मनःपूर्वक आभार. आज फायब्रिनोजेन (गुठळीचे धागे ज्यापासून बनतात ते प्रथिन) नॉर्मल आले आहे. म्हणजे धोका टळला का?

प्रतिसाद १:
एवढ्यावरून तसे म्हणता येणार नाही. संसर्गात यकृत फायब्रिनोजेन जास्त बनवते, त्यामुळे ते खर्च होत असतानाही आकडा नॉर्मल दिसू शकतो. कालचा आणि परवाचा आकडा मागून घ्या आणि तो उतरतो आहे का, हे डॉक्टरांना विचारा.