बेचिराख गाव म्हणजे जळालेलं की दिवा विझलेलं?

धागाकर्ती:
मी लीड्सला राहते. परवा व्हॅरम पर्सीला जाऊन आले, यॉर्कशरच्या वोल्ड्स नावाच्या चुनखडीच्या टेकड्यांत माल्टनजवळ आहे. गाडी वर लावून उतारावरून सव्वाएक किलोमीटर चालत जायचं, आणि पोचल्यावर दिसतं काय तर गवत, मेंढ्या, एक बिनछपराचं चर्च आणि तळं. पण ऊन तिरपं झालं की त्या गवतात घरांचे चौकोन उमटतात, मधनं रस्ते दिसायला लागतात, आणि मग जागचं हलवत नाही. मध्ययुगातलं गाव, १५०० च्या सुमाराला शेवटची माणसं गेली ती गेलीच.

घरी येऊन मराठीत लिहायला बसले तर पहिल्याच वाक्याला अडले. असल्या गावाला तिकडे 'डेझर्टेड मेडीव्हल व्हिलेज' म्हणतात, इंग्लंडमध्ये अशी सुमारे ३००० आहेत. मी लिहिलं 'बेचिराख गाव'. भावाला वाचायला दिलं तर त्याचा पहिला प्रश्न, "कोणी जाळलं?" कोणीच जाळलं नाही रे! आता मला सांगा, शब्द माझा चुकला का त्याचं वाचणं? ओसाड, उजाड, निर्जन हे सगळं लिहून बघितलं, पण ओसाड तर माळरानही असतं, आणि ओस म्हणाल तर जत्रा संपली की दुसऱ्या दिवशी मैदान ओस पडतंच.

मोडीवेडा:
ताई, शब्द तुमचा बरोबर आहे, बदलू नका. मूळ फारसी, बे म्हणजे विना आणि चिराग म्हणजे दिवा, मराठीत येताना ग चा ख झाला. ज्या गावात संध्याकाळी एकही दिवा लागत नाही ते बेचिराख. त्यातल्या 'राख'शी राखेचा काही संबंध नाही, पण कानाला राख ऐकू येते म्हणून लोकांनी जाळपोळ जोडली. जुन्या महसुली कागदांत हा अगदी कोरडा शब्द आहे, गाव आबाद का बेचिराख एवढंच सांगणारा. गाव कागदावर असतं, नाव असतं, शीव असते, जमीन कसलीही जात असते शेजारच्या गावातून, फक्त वस्ती नसते. तुमचं व्हॅरम पर्सी हुबेहूब हेच वाटतंय.

लातूरकर:
व्युत्पत्ती मान्य. पण शब्दाचा अर्थ आज लोक वापरतात तोच धरायचा ना? आमच्याकडे १९९३ च्या भूकंपाबद्दल बोलताना "गावंच्या गावं बेचिराख झाली" म्हणतात, तिथे आग नव्हती तरी म्हणतात, म्हणजे आजचा अर्थ 'एका तडाख्यात नष्ट'. तुमच्या गावावर असा तडाखा आला होता का, प्लेग वगैरे? आला असेल तर आजच्या अर्थानेही शब्द चालेल.

धागाकर्ती:
इथेच तर खरी गोम आहे, तडाखा आला होता पण गाव त्याने मेलं नाही. १३४९ मध्ये ब्लॅक डेथ, म्हणजे प्लेगची ती मोठी साथ, यॉर्कशरात पोचली, माणसं गेली, गाव बारीक झालं, पण उरलं. १४५८ साली, म्हणजे शंभरावर वर्षांनी, तिथे अजून १६ घरं नांदती होती. एका रात्रीत काही झालंच नाही. एकेक घर बंद होत गेलं, एकेक दिवा कमी होत गेला, म्हणून तर मला बेचिराख हा शब्द इतका नेमका वाटला, जुन्या अर्थाने.

शेवटचा धक्का साथीचा नव्हता, जमीनमालकाचा होता. साथीनंतर मजूर मिळेनात, मजुरी चढली, धान्य पिकवणं परवडेना आणि लोकर मात्र महाग. शेत नांगरायला दहाबारा माणसं लागतात, मेंढ्यांच्या मागे एक मेंढपाळ पुरतो. तेव्हा गावचा मालक बॅरन हिल्टन होता, त्याने शेवटची चार कुटुंबं काढली आणि सगळ्या रानात मेंढ्या सोडल्या.

मोडीवेडा:
हे वाचून एकदम उलटं चित्र डोळ्यापुढे आलं. आपल्याकडे दुष्काळाने किंवा स्वारीने गाव बेचिराख झालं की सरकारचा वसूल बुडायचा, म्हणून कौल, म्हणजे सवलतीचं लेखी वचन, देऊन माणसं परत बोलावायचे. पहिल्या वर्षी सारा अगदी थोडा, मग दरसाल थोडा थोडा वाढता, त्याला इस्तावा म्हणत. म्हणजे बेचिराख हा आपल्या कागदात तोट्याचा शेरा आहे, गाव परत वसावं अशी अपेक्षा त्याच्या पोटात आहे. आणि तुमच्या हिल्टनला गाव बेचिराख असलेलंच फायद्याचं. शब्द लागू पडतो, पण लिहिणाऱ्याची नजर वेगळी, हे एका ओळीत नोंदवा असं सुचवतो.

साताऱ्याची लेक:
तुम्ही सगळे फारशीत शिरलात, पण आमच्या तोंडचा साधा शब्द कुणीच काढला नाही. गाव उठलं! माझ्या आजीचं माहेर कोयनेच्या धरणात गेलं, ती कधी बुडालं म्हणाली नाही की विस्थापित म्हणाली नाही, "आमचं गाव उठलं" एवढंच म्हणायची. आणि रागात असली की "उठवलं". उठलं आणि उठवलं यात सगळा इतिहास येतो बघा, आपण होऊन गेले का कुणी घालवले. ताई, तुमच्या त्या चार कुटुंबांना उठवलं ना? मग लिहा की तसं.

धागाकर्ती:
तुमचा प्रतिसाद वाचून अंगावर काटा आला. अगदी खरं आहे. आधीचे लोक उठले असतील, कुणी मेले, कुणी जास्त मजुरीच्या मागे दुसऱ्या गावी गेले, पण शेवटच्या चार घरांना उठवलंच. बेचिराख ही अवस्था झाली आणि उठवणं ही कृती, दोन्ही लागतील.

अजून तीन शब्द हवेत. प्रत्येक घराच्या जागेला टॉफ्ट आणि त्याच्या मागच्या लांब पट्ट्याला क्रॉफ्ट म्हणतात. आणि वर्षानुवर्षं बैलांच्या, माणसांच्या पायांनी झिजून खोल गेलेल्या रस्त्याला हॉलो वे. ते रस्ते गवतात अजून स्पष्ट दिसतात, छातीएवढे खोल होते एकेठिकाणी.

साताऱ्याची लेक:
क्रॉफ्ट म्हणजे परडं! घरामागची भाजीपाल्याची, कोंबड्यांची जागा. टॉफ्टला आवार म्हणा नाहीतर घरजागा. रस्त्याला पाणंद.

लातूरकर:
पाणंद दोन्ही बाजूंनी कुंपण असलेली अरुंद वाट, खोल असतेच असं नाही. "खोल गेलेली पाणंद" म्हटलं तर चालेल. आणि घरं कशी होती? पांढरीच्या मातीची का? आमच्याकडे गाव वसतं ती पांढरी आणि शेती ती काळी, जुन्या गावाचं टेकाड लांबूनच पांढरट दिसतं.

धागाकर्ती:
पांढरी शब्द फार मोहाचा आहे पण इथे नको, कारण तिथली जमीनच मुळात खडूसारखी पांढरी, गावामुळे झालेली नाही, वाचणारा फसेल.

घरांचं मात्र ऐकण्यासारखं आहे. मॉरिस बेरेसफर्ड हे आर्थिक इतिहासाचे अभ्यासक, लीड्सच्या विद्यापीठातले, आणि जॉन हर्स्ट हे पुरातत्त्वज्ञ, या दोघांनी तिथे चाळीस वर्षं उत्खनन केलं, १९५० ते १९९०, दर उन्हाळ्यात थोडे आठवडे. सगळीकडून हौशी लोक, विद्यार्थी येऊन खणायचे. लांबट घरं मिळाली, एकाच छपराखाली एका टोकाला माणसं आणि दुसऱ्या टोकाला गुरं. आधी वाटलं की ही खोपटी, पिढीगणिक पडायची आणि नवी बांधायचे, कारण एकाच जागी भिंतींचे थर वेगवेगळ्या दिशांना सापडत होते. नंतर उलगडलं की छपराचा भार वाकड्या लाकडी जोडखांबांवर असायचा, भिंती नुसत्या आडोशाच्या, त्या पडल्या की नव्या घालायचे आणि सांगाडा तसाच उभा. म्हणजे गरिबाचं घर आपण समजतो तितकं कच्चं नव्हतं. राजेराजवाडे सोडून नांगरणाऱ्याच्या घराकडे इतकी वर्षं कुणी इतक्या बारकाईने बघितलं याचंच मला अप्रूप वाटतं.

मोडीवेडा:
एक शंका. मागे एक बातमी वाचलेली, याच गावात जळालेली हाडं सापडली म्हणून. मग भावाचा प्रश्न अगदीच चूक नव्हता?

धागाकर्ती:
जाळलं होतं, पण गाव नाही, मढी. १३७ हाडं, निदान १० माणसांची, ११ व्या ते १४ व्या शतकातली, म्हणजे गाव चांगलं नांदत होतं तेव्हाची. मेल्यानंतर कापल्याच्या आणि जाळल्याच्या खुणा आहेत त्यांवर. २०१७ मध्ये अभ्यास छापून आला, परके असतील म्हणून दात तपासले तर तिथल्याच आसपासची माणसं निघाली. मेलेला उठून परत येईल या भीतीने केलं असावं हा एक तर्क आहे, दुसरा उपासमारीत माणसं खाल्ल्याचा, पण कापल्याच्या खुणा डोक्यामानेकडे जास्त आहेत त्यामुळे पहिल्याकडे कल आहे अभ्यासकांचा. अशा उठून येणाऱ्या मेलेल्यालाही मराठी शब्द हवा. भूत नाही, भुताला अंग नसतं.

साताऱ्याची लेक:
मढं उठलं. वेताळ प्रेतात शिरतो पण तो बाहेरचा, हा तर मेलेला स्वतःच उठतोय. त्यामुळे "उठलेलं मढं" हेच बरं. काय योग आहे, गावही उठतं आणि मढंही.

लातूरकर:
आता शेवटचं विचारतो, चर्च उभं आहे म्हणालात. तिथे प्रार्थना होत होती का गाव गेल्यावर? होत असेल तर दिवा होता, मग बे-चिराग कसं?

धागाकर्ती:
होत होती! सेंट मार्टिन्स हे आसपासच्या वाड्यांचंही चर्च होतं, थिक्सनडेल वगैरेंचं, तिथले लोक टेकड्या चढून उतरून यायचे. गाव मोठं असताना चर्चच्या दोन्ही बाजूंना पाख्या वाढवल्या, माणसं कमी झाल्यावर त्या पाडून टाकल्या, भिंतीत बुजवलेल्या कमानी अजून दिसतात. १९४९ पर्यंत ते वापरात होतं, म्हणजे गाव गेल्यावर साडेचारशे वर्षं. १९५९ मध्ये मनोऱ्याचा अर्धा भाग कोसळला. शिवाय १८ व्या शतकात तिथे एक शेतघर बांधलं, त्यामुळे एखाददुसरा दिवा मधल्या काळात लागतच होता.

मोडीवेडा:
त्याने शब्द बाद होत नाही. आपल्याकडच्या कितीतरी बेचिराख गावांत देऊळ असतं, शेजारच्या गावचा पुजारी येऊन दिवा लावतो, वर्षातून एकदा जत्राही भरते. दिवा घरातला मोजायचा, देवाचा नाही.

धागाकर्ती:
मग असं लिहिते, बघा बरं: "व्हॅरम पर्सी १५०० च्या सुमाराला बेचिराख झालं, म्हणजे तिथल्या घरांत दिवा लागेनासा झाला. शेवटची चार कुटुंबं मालकाने मेंढ्यांसाठी उठवली. देवळात मात्र पुढे साडेचारशे वर्षं मेणबत्ती लागत राहिली."

साताऱ्याची लेक:
छान. फक्त देवळात नको, चर्चमध्येच ठेवा. आणि 'मालकाने' आधी घ्या, "मालकाने शेवटची चार कुटुंबं उठवली, मेंढ्यांसाठी".